पर्स, पोशाख आणि परराष्ट्रधोरण

राजकीय नेत्याचे मूल्यमापन त्याच्या निर्णयांवरून, भाषणांवरून आणि त्याने केलेल्या कायद्यांवरून करावे, असे आम्ही वर्षानुवर्षे मानत आलो. प्रसारमाध्यमांनी हा निकष केव्हा बदलला ते सांगणे कठीण आहे. तो किती बदलला हे मात्र एका प्रसंगाने लख्ख दाखवले.

२७ जुलै २०११ रोजी पाकिस्तानच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री हीना रब्बानी खार दिल्लीत एस. एम. कृष्णा यांच्याशी चर्चेला बसल्या. मुंबईत झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादर येथील बॉम्बस्फोटांना जेमतेम दोन आठवडे झाले होते. २६/११ नंतर खुंटलेला संवाद त्याच वर्षी पुन्हा सुरू होत होता. अशा वेळी वाहिन्यांचे कॅमेरे खिळले ते पाहुणीच्या बर्किन बॅगवर, गळ्यातील मोत्यांवर आणि गॉगलवर! बॅगेची किंमत किती, यावर चर्चा रंगल्या. एका देशाची परराष्ट्रमंत्री बघता बघता उच्चभ्रू मेजवानीतली तारका झाली.

त्या बैठकीत काय ठरले? नियंत्रण रेषेपलीकडील व्यापाराचे दिवस आठवड्याला दोनाऐवजी चार करावेत, असे ठरले. काश्मीरच्या दोन्ही बाजूंच्या व्यापाऱ्यांच्या पोटापाण्याशी निगडित असलेला तो निर्णय होता. त्याची बातमी आली नाही असे नाही. पण ती कोणाच्या ध्यानात राहिली? तो व्यापार २०१९ मध्ये भारताने स्थगित केला, तेव्हाही तो आधी वाढवला होता हे किती जणांना आठवले? बॅग मात्र आजही आठवते. कबूल करायला संकोच वाटतो, परंतु आम्हालाही आधी बॅगच आठवली.

याला निव्वळ उथळपणा म्हणून सोडून देता येत नाही. या झगमगाटाआड एक खरी कथा दडपली गेली. खारबाई दक्षिण पंजाबातील जमीनदार राजकीय घराण्यातल्या. २००२ च्या निवडणुकीत उमेदवाराला पदवीची अट घातली गेली. वडील अपात्र ठरले आणि त्यांच्या जागी कन्या उभी राहून निवडून आली. जमीन, घराणे आणि सत्ता यांचे नाते उलगडण्याची केवढी संधी! माध्यमांनी मात्र वारशाला 'अभिरुची' आणि जमीनदारीला 'स्टाईल' असे नाव दिले. वलय असे काम करते. ते नेत्याला प्रश्नांच्या कक्षेबाहेर नेऊन ठेवते.

कोणी म्हणेल, माध्यमे नेत्यांच्या पोशाखाची टवाळीही करतात. आमच्या मते ती याच नाण्याची दुसरी बाजू आहे. १३ सप्टेंबर २००८ च्या दिल्लीतील स्फोटांनंतर गृहमंत्री शिवराज पाटील यांनी एका संध्याकाळी किती वेळा कपडे बदलले, याची मोजदाद झाली. गृहखात्याचे अपयश तपासावे तेवढे थोडेच होते. परंतु गुप्तचर यंत्रणा कुठे कमी पडली हा रुक्ष प्रश्न सुटाच्या घडीत हरवला. कौतुक असो वा टिंगल, तपासला गेला तो कपड्यांचा कपाट. फाईलींचे कपाट बंदच राहिले.

रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये उमेदवारांच्या छायाचित्रांची चिकित्सा केली होती. उमेदवाराचा कार्यक्रम मागे पडतो आणि त्याच्या जगण्याच्या शैलीचे आकर्षण मतदारापुढे येते, हे त्यांनी तेव्हाच हेरले होते. आमच्याकडे अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या 'सिंहासन' (१९७९) चित्रपटातला पत्रकार दिगू टिपणीस सत्तेच्या खेळाकडे इतक्या जवळून पाहतो, की अखेरीस त्याचे भान सुटते. आज त्याला भान सुटेपर्यंत पाहावे लागणार नाही. कोणी काय परिधान केले होते एवढे टिपले की त्याचे काम संपेल.

हा प्रश्न वृत्तपत्रविद्येच्या विभागाकडे ढकलून आम्हा साहित्याच्या अध्यापकांना मोकळे होता येणार नाही. 'करिश्मा', 'देखणे नेतृत्व', 'रुबाबदार व्यक्तिमत्त्व' ही विशेषणे आमच्याच भाषेतली, आणि ती आमच्याच विद्यार्थ्यांच्या निबंधांत निमूटपणे उतरतात. आम्ही समासात फक्त ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो. त्या विशेषणापुढे 'म्हणजे त्यांनी नेमके काय केले?' एवढे लिहायला आमचा लाल पेन का अडखळतो?