उंद्रीच्या काळ्या दगडात युरेनियम नाही, पण जनसुनावणीचा प्रश्न आपलाही आहे

उंद्री (ता. चिखली) : शिवारात अनोळखी जीप आली, बोअरची मशीन उभी राहिली, की पारावर चर्चा सुरू होते. खाली काय सापडलं? युरेनियम तर नाही?

आधी भीती बाजूला ठेवू. उंद्रीचा परिसर काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तो तयार झाला. या दगडात युरेनियमचं प्रमाण नगण्य असतं. त्यामुळे इथं खाण निघण्याची शक्यता फारच कमी. आपल्याला जवळचं उदाहरण आहे कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यातलं गोगी. भीमेच्या खोऱ्यातल्या त्या भागात चुनखडी आणि ग्रॅनाइटमध्ये युरेनियम सापडलं आहे.

मग हा विषय आत्ताच का? २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज करायची, असं केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं. तेव्हा देशाची क्षमता नऊ गिगावॅटच्या आत होती. एवढी वीज करायची तर इंधन लागणार. अणु खनिज संचालनालय साठे शोधतं आणि 'युसिल' ही सरकारी कंपनी खाण चालवते. झारखंडमधलं जादूगुडा १९६७ पासूनचं. तिथं एक टन दगडातून जेमतेम अर्धा किलो युरेनियम मिळतं. बाकीचा बराचसा गाळ तलावात साठवावा लागतो आणि त्यात रेडियम उरतं. म्हणून अशा खाणीचा खरा प्रश्न पाण्याचा असतो. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त युरेनियम नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता मुद्द्याचं. खाणीआधी जिल्ह्यात जनसुनावणी घ्यायची, लोकांचं म्हणणं लिहून घ्यायचं, असा २००६ चा नियम. पण ८ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अणुखनिजं आणि महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना यातून सूट दिली. यात फक्त युरेनियम नाही, तर लिथियम, ग्रॅफाइट, निकेलही येतं. देशाची गरज मोठी, उशीर परवडत नाही, हे सरकारचं म्हणणं. त्यात तथ्य आहेच. पण ज्याची विहीर खाणीच्या बांधाला लागून, त्यालाच विचारायचं नाही, हे कसं?

लोकांच्या आवाजाने फरक पडतो. तेलंगणात नल्लमलाच्या जंगलात युरेनियम शोधायला २०१९ मध्ये लोकांचा मोठा विरोध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिथल्या विधानसभेने एकमताने विरोधाचा ठराव केला.

सुनावणी नसली तरी गावाच्या हातात काही गोष्टी आहेत. ग्रामसभेचा ठराव बंधनकारक नसला तरी नोंद राहते. प्रकल्पाचा अर्ज 'परिवेश' या सरकारी पोर्टलवर मोबाईलवरच बघता येतो. माहिती अधिकारात अहवाल मागता येतो. पर्यावरण मंजुरी मिळाली की ३० दिवसांत हरित लवादाकडे अपील करता येतं, त्याचं खंडपीठ पुण्यात आहे. ही मुदत चुकवू नका.

आणि कुठल्याही खाणीची मशीन येण्याआधी विहिरी-बोअरचं पाणी तपासून कागद जपून ठेवा. उद्या पाणी बिघडलं, तर ते आधी चांगलं होतं याचा पुरावा तोच.