कलमे लावलीत, नोंद केलीत का?



भातकापणी उरकली की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात गुरे मोकळी सुटतात. पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर वणवे पेटतात. यात पहिला बळी जातो तो दोन-तीन वर्षांच्या आंबा-काजूच्या कलमांचा. घरच्या बाईने डोक्यावरून पाणी वाहून जगवलेली झाडे एका रात्रीत जातात. मग बोलाचाली, भांडण आणि शेवटी 'जाऊ दे' म्हणून गप्प बसणे. आम्ही म्हणतो, गप्प बसू नका. कायदा आपल्या बाजूला आहे. पण कायदा कागद मागतो.

दुसऱ्याच्या मालमत्तेची जाणूनबुजून नासधूस करणे याला कायद्यात 'आगळीक' म्हणतात. 1 जुलै 2024 पासून त्यासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 324 लागू आहे. साध्या आगळिकीला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. नुकसान 20 हजारांपासून 1 लाखाच्या आत असेल तर 2 वर्षांपर्यंत, 1 लाख किंवा जास्त असेल तर 5 वर्षांपर्यंत कैद. मुद्दाम आग लावली असेल तर कलम 326 खाली 7 वर्षांपर्यंत. गुरे चुकून शिरली, मालकाचा हेतू नव्हता, तर फौजदारी टिकणे कठीण. तरी भरपाईचा दिवाणी दावा करता येतो.

म्हणजे सारे नुकसानीच्या रकमेवर आले. झाडे किती होती, केवढी होती, हे सांगणार कोण? सातबारा! त्यातल्या गाव नमुना 12 वर पिकांची आणि फळझाडांची नोंद असते. आपल्याकडे काय असते? सातबारा आजोबांच्या नावावर, जमीन सामायिक, निम्मे भाऊबंद मुंबईत आणि नोंदीत नुसते 'गवत'. कागदावर गवत असेल तर चाळीस काजू जळाले हे साहेबाला पटवणार कसे?

कोकणाला हे दुखणे जुने आहे. खोतीच्या काळात राबणारा एक आणि हक्क दुसऱ्याचा. बाबासाहेबांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पुढे 1949 च्या कायद्याने खोती गेली. एवढ्या लढ्याने हाती आलेली जमीन आपण कागदावर 'गवत' म्हणून का ठेवावी?

तेव्हा एवढे करा. आजोबा गेले असतील तर वारस नोंद करून घ्या. 2021 पासून ई-पीक पाहणीत मोबाईलवरून आपली नोंद आपणच करता येते. शिकलेल्या मुलामुलींना हे काम द्या. झाडे मोजून फोटो काढून ठेवा. नुकसान झाले तर काही हलवण्याआधी फोटो घ्या, शेजारी साक्षीला बोलवा, तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) पंचनाम्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोलिसांनी अदखलपात्र नोंद केली तरी तिची प्रत घ्या. रानडुक्कर किंवा गव्याने नासधूस केली तर भरपाईसाठी लगेच वनखात्याकडे लेखी अर्ज करा. तोंडी सांगितलेले कचेरीत टिकत नाही, हे आम्ही कारकुनी करणारी माणसे रोज पाहतो.

मे महिन्यात मुंबईकर गावी येतील. तेव्हा एका संध्याकाळी सातबारा काढा आणि घरच्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. ज्या बाईने पाणी घातले तिलाही कळू द्या की तिची झाडे कागदावर आहेत की नाहीत.