आगीपासून जपायचं की निसर्गाला? संमेलनाआधी थोडा विचार



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत स्नेहसंमेलनाची गडबड सुरू होते. मंडप, पडदे, मुलांचे चमकीचे कपडे, मोठे दिवे. कधी कधी प्रश्न निघतो, "पडद्यांना आग न लागणारं केमिकल मारून घ्यायचं का?" एक जण म्हणतो, मुलांच्या जिवापुढे काय मोठं? दुसरा म्हणतो, केमिकल म्हणजे विषच. मला दोघांचंही पटतं, पण प्रश्न सुरुवातीलाच चुकीचा मांडला जातो असं माझं मत आहे.

आगीची भीती खोटी नाही. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या कार्यक्रमातच मंडपाने पेट घेतला. सिंथेटिक कापड जळत अंगावर पडलं, बाहेर निघायला वाट पुरेना. चारशेहून जास्त जीव गेले, त्यात लहान मुलं कितीतरी.

आता दुसरी बाजू बघा. अमेरिकेत मुलांच्या रात्रीच्या कपड्यांना आगरोधक म्हणून 'ट्रिस' लावत असत. १९७७ साली आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी त्यापासून कॅन्सरचा धोका असल्याचा इशारा दिला आणि त्याच वर्षी मुलांच्या कपड्यांत त्यावर बंदी आली. थर्मोकोलमध्ये घातलं जाणारं 'एचबीसीडी' हे आगरोधक २०१३ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं, भारतानेही २०१८ मध्ये त्यावर बंदी घातली. कारण आपणच वर्गात शिकवतो ते. असा पदार्थ लवकर नष्ट होत नाही, अन्नसाखळीत एकेक पायरी वर चढत साठत जातो.

मग करायचं काय? माझ्या मते क्रम असा असावा.

१) पेटणारी वस्तूच कमी करा. थर्मोकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहेच. ती पाळली तर कचराही टळतो आणि आगही.
२) दिवा आणि पडदा यांत अंतर ठेवा. उघड्या वायरी, जोडावर जोड नकोत.
३) बाहेर निघायच्या दोन वाटा मोकळ्या ठेवा. वाळूच्या बादल्या जवळ असू द्या.
४) एवढं करूनही धोका उरला, तरच केमिकलचा विचार. तोही पडद्यापुरता, मुलांच्या अंगावरच्या कपड्याला नाही.

म्हणजे पहिल्या तीन गोष्टींत आग आणि निसर्ग यांचं भांडणच नाही. भांडण फक्त चौथीत आहे, आणि आपण नेमकी तिथूनच सुरुवात करतो.

त्या चौथीसाठीही एक आशा आहे, आणि ती आपल्या रावेरच्या शेतात उभी आहे! केळीच्या खांबाचा रस कपड्यावर पडला की डाग जात नाही, हे इथल्या प्रत्येक आईला माहीत आहे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी हाच रस सुती कापडावर वापरून पाहिला. साधं सुती कापड हवेत १८ टक्के ऑक्सिजन असला तरी जळत राहतं. तुरटी आणि टॅनिक आम्लाची प्रक्रिया करून रस दिलेल्या कापडाला ३० टक्के लागला. आपल्या हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, म्हणजे ते कापड सहज जळत राहणार नाही. अशा नैसर्गिक लेपांची अडचण एकच, धुण्यात ते टिकत नाहीत. पण रंगमंचाचा पडदा रोज कुठे धुतला जातो? घड कापल्यावर आपण जे खांब बांधावर फेकतो, त्यात एवढा गुण आहे हे मुलांना सांगायलाच हवं.

घरी हा रस लावून जाळून बघू नका, ते प्रयोगशाळेचं काम आहे. आपलं काम पहिल्या तीन मुद्द्यांचं. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत नाचगाण्यांच्या यादीआधी हे तीन मुद्दे घ्या. पालकांनीही विचारावं, "सर, बाहेर निघायची दुसरी वाट कोणती?" असं विचारलेलं कोणत्याही शिक्षकाला वाईट वाटू नये.