सुट्टीच्या दिवशी उघडाव्यात अशा इमारती

मुंबईच्या कोट विभागातील ज्या इमारतींच्या छायेतून लक्षावधी माणसे सोमवारपासून शुक्रवारपर्यंत धावत जातात, त्या निवांतपणे पाहण्याची सवड ज्या दोन दिवशी मिळते, नेमक्या त्याच दोन दिवशी त्यांपैकी बहुतेकींचे दरवाजे बंद असावेत, हा या नगरीच्या कारभारातील एक विलक्षण विरोधाभास होय. शनिवार-रविवार लोणावळ्यास वा अलिबागेस काढण्याचा जो शिरस्ता मध्यमवर्गाने पाडून घेतला आहे, त्याच्याशी माझे वैर नाही. परंतु ओव्हल मैदानात उभे राहून पूर्वेस उच्च न्यायालय व विद्यापीठ यांची गॉथिक शिखरे आणि पश्चिमेस १९३०नंतरच्या आर्ट डेको इमारतींच्या गोलाईदार गच्च्या एकाच दृष्टिक्षेपात पाहणे, हे सुख लोकलच्या तिकिटात मिळत असताना घाट चढण्याची एवढी घाई कशाला?

१८६२ साली गव्हर्नर होऊन आलेल्या सर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचा तट पाडविला, आणि त्यामुळे मोकळ्या झालेल्या भूमीवर पुढील तीन दशकांत हे पाषाणवैभव उभे राहिले. त्याचे श्रेय आपण सहसा साहेबाच्या खाती जमा करून मोकळे होतो. पण विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. द्रव्य प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या मातोश्रींचे, आणि पश्चिम हिंदुस्थानातील नाना जातिजमातींच्या ज्या चोवीस मूर्ती मनोऱ्यावर आहेत, त्या घडविल्या मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय साहाय्यक अभियंत्याने. व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुशिल्पकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स खरे, परंतु तेथील पाषाणातील पानेफुले नि पशुपक्षी यांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. तेथील ज्या दालनात उपनगरी गाड्यांची तिकिटे मिळतात, त्याच्या निळ्या छतावर सोनेरी तारे आहेत. खाली रांगेतला गृहस्थ मात्र सुट्टे पैसे चाचपण्यात गढलेला.

उच्च न्यायालयाची गोष्ट आणखी मौजेची. १८७८ साली पूर्ण झालेल्या या वास्तूत, एका डोळ्यावर पट्टी बांधलेले आणि हाती तराजू धरलेले एक माकड दगडात कोरलेले आहे. कंत्राटदाराशी दावा हरलेल्या पाथरवटाने न्यायासनावर उगविलेला हा सूड, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, असले शिल्प आजवर कोणी छिन्नीने उडविले नाही, हे मला न्यायसंस्थेच्या प्रतिष्ठेस शोभेसेच वाटते. याच इमारतीत १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. असे स्थळ केवळ वादी, प्रतिवादी आणि वकील यांनीच पाहावे काय?

महापालिकेच्या मुख्यालयात आणि उच्च न्यायालयात २०२१ साली सुट्टीच्या दिवशी मार्गदर्शकासह फेऱ्या सुरू झाल्या, ही गोष्ट स्तुत्य आहे. परंतु एक-दोन कचेऱ्यांनी बेताबेताने दार किलकिले करावे, एवढ्याने भागणार नाही. लंडनमध्ये १९९२पासून वर्षातून एकदा, एरवी बंद असणाऱ्या अनेक वास्तू सर्वसामान्यांस विनामूल्य दाखविण्याचा प्रघात आहे. जागतिक वारसास्थानांच्या यादीत २००४ साली व्हिक्टोरिया टर्मिनस स्थानकाचे आणि २०१८ साली गॉथिक व आर्ट डेको समूहाचे नाव चढले, तेव्हा सत्कार स्वीकारण्यास पुढे सरसावलेल्या सरकारी खात्यांना असा प्रघात मुंबईत पाडणे अशक्य नाही. बंदोबस्ताची सबब पुढे येईल, हे मी जाणतो. पण गणेशोत्सवातील गर्दी दहा दिवस सांभाळणाऱ्या पोलिसांस हिवाळ्यातील दोन दिवसांचे ओझे व्हावे, हे पटत नाही. दफ्तरे कुलूपबंद ठेवा, न्यायाधीशांच्या खोल्या वगळा. मात्र जिने, सज्जे आणि दिवाणखाने खुले करा, आणि माहिती सांगणारा माणूस मराठीत बोलणारा असू द्या, म्हणजे परळ-लालबागची मुलेही आजी-आजोबांचे बोट धरून येतील.