जिब्राल्टरचं गाढव नक्की कोण?

जिब्राल्टरचा तो व्हिडिओ मला आत्तापर्यंत पाच जणांनी पाठवलाय. स्पेनच्या दक्षिण टोकाला चिकटलेलं ब्रिटिश गाव, रनवेला आडवा जाणारा रस्ता, फाटक पडतं, गाड्या थांबतात, विमान जातं. खाली ठरलेली कॉमेंट: "कुठल्या गाढवाने डिझाइन केलंय?"

मंडळी, एक तर व्हिडिओ शिळा आहे. ३१ मार्च २०२३ पासून गाड्या रनवेखालच्या बोगद्यातून जातात. वरून जातात ते चालणारे आणि सायकलवाले. आणि जागा होती कुठे? एकीकडे उभा खडक, दुसरीकडे कुंपण, पलीकडे स्पेन. दुसऱ्या महायुद्धात खडक पोखरून निघालेला दगड समुद्रात टाकून धावपट्टी लांबवली. त्या इंजिनिअरांना माझा तरी सलाम.

गाढवपणा बघायचाच तर कुंपणापाशी बघा. स्पेन म्हणतं, १७१३ च्या उत्रेख्त तहात आम्ही गाव आणि किल्ला दिला, मधली सपाट पट्टी नाही. विमानतळ नेमका त्याच पट्टीवर! ब्रिटन म्हणतं, इतकी वर्षं ताबा आमचा, म्हणजे जमीनही आमची. १९८७ मध्ये दोघांनी विमानतळ मिळून वापरायचा करार केला, तर जिब्राल्टरकरांना त्यात स्वतःचा हक्क जाताना दिसला. त्यांनी तो हाणून पाडला. मग युरोपात विमानसेवा खुल्या होत असताना हा विमानतळ आपला बाहेर बसून. झकास!

२००६ मध्ये कोर्दोबाला शहाणपण सुचलं. मालकीबद्दल कोणीच काही सोडत नाही असं लिहायचं आणि कामाला लागायचं. त्याच डिसेंबरात माद्रिदहून विमान उतरलं. टर्मिनलमधून थेट स्पेनच्या बाजूला जायची वाटही ठरली. नवं टर्मिनल २०११ मध्ये उघडलं, कुंपणाला खेटून. वाट मात्र कागदावरच राहिली.

"आधी मालकी ठरवा, मग बाकीचं" हे ऐकायला फार बाणेदार वाटतं हो. पण फ्रँकोने १९६९ मध्ये सीमा बंद केली ती पूर्ण उघडायला १९८५ उजाडलं, आणि एवढं करून खडक स्पेनला मिळाला का? कप्पाळ! तुटली ती दोन्हीकडची घरं. आजही सुमारे १५ हजार माणसं रोज पलीकडून कामाला येतात. वाद चिघळला की रांगेत तीच उभी राहतात, माद्रिद-लंडनचे बाणेदार लोक नव्हे.

जून २०२५ मध्ये पुन्हा समझोता झाला. कुंपणावरची तपासणी काढायची, विमानतळावर आधी जिब्राल्टरने आणि मग स्पेनने पासपोर्ट बघायचे. मालकीबद्दल ज्याचं म्हणणं त्याच्यापाशी. म्हणजे कोर्दोबाचंच सूत्र की, १९ वर्षं उशिरा.