कुठल्या नंबरची तार?



‘बाई, गिटारच्या दोन तारा तुटल्यात. दुकानात गेलो तर दुकानदार विचारतो, कुठला नंबर देऊ? मी म्हटलं, चांगल्यातला द्या!’ आठवीतल्या एका वाचकमित्राचं हे पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मागोमाग थोडी लाजही वाटली. कारण या नंबरच्या भानगडीत मी स्वतःच एक मोठी चूक करून बसले होते. आज तीच सांगते. त्यातच त्याचं उत्तरही आहे.

आमच्या मंद्रूपला गिटार ही काही रोज दिसणारी वस्तू नाही. भजनाची वीणा, पेटी, तबला घरोघरी ओळखीचे. पण गिटार म्हटलं की गावात दोन. एक माझी, डीएडला असताना हौसेनं घेतलेली. दुसरी सातवीतल्या एका मुलीची, तिच्या मामानं दिलेली. मामा पुण्यात कॉलेजला होता तेव्हा गॅदरिंग गाजवायचा. नोकरी लागली आणि गिटार आली भाचीकडे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती गिटार घेऊन थांबायची आणि मला येतं तेवढं मी तिला शिकवायची.

पोरगी सुरात पक्की. पण तिसऱ्या शनिवारी तिनं डाव्या हाताची बोटं माझ्यासमोर धरली. चारही बोटांच्या टोकांवर लालभडक खाचा, आणि एका बोटाला तर चक्क फोड. ‘बाई, लई दुखतंय.’

आणि मी काय म्हणाले? ‘अगं, दुखल्याशिवाय वाद्य येत नाही. घट्टे पडू देत, मग काही नाही वाटत. तुझा सराव कमी पडतोय.’

पुढचे दोन शनिवार ती आलीच नाही. तिसऱ्या शनिवारी वडील आले. ‘बाई, पोरीनं आधी लई नाद केलता. आता गिटारीला हात लावंना झालीय. सोलापूरला नेतो अन् इकून टाकतो.’ मागं ती उभी होती, खाली मान घालून. मला वाटलं, आळस आला असेल. तरी म्हटलं, बघू तर द्या एकदा.

गिटार मांडीवर घेतली, पहिली कॉर्ड धरली आणि माझ्याच तोंडून ‘आई गं’ निघालं! इतक्या दिवसांत मी ती गिटार स्वतः एकदाही वाजवली नव्हती बरं का. शिकवताना माझी माझ्या हातात आणि तिची तिच्या. तारा गंजलेल्या, जाड, पट्टीपासून उंच, आणि ताणलेल्या अशा की कपडे वाळत घालावेत. माझी पंधरा वर्षांची मुरलेली बोटं जिथं कळवळली, तिथं बारा वर्षांच्या पोरीला मी ‘सराव कमी’ म्हणून मोकळी झाले होते.

मामाला फोन केला. तो म्हणाला, ‘तेरा नंबरच्या आहेत. हॉलमध्ये शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जायला पाहिजे ना!’

तर आता हा नंबर म्हणजे काय ते बघू. गिटारच्या तारांच्या पाकिटावर १०, ११, १२, १३ असा जो आकडा असतो, तो सगळ्यात बारीक, म्हणजे पहिल्या तारेच्या जाडीचा. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले बारा, म्हणजे १२ नंबर. ०.०१२ इंच, जवळजवळ ०.३ मिलिमीटर. आकडा मोठा तर तार जाड. इथं सोलापूरकरांची फसगत होण्याचा संभव आहे हं! आपल्याकडं सुताचा हिशेब उलटा. चाळीस नंबरचं सूत वीस नंबरपेक्षा बारीक. सतारीच्या तारांच्या गेज नंबरचंही तसंच उलटं. तिथली ३० नंबरची तार आणि गिटारची १२ नंबरची तार जवळपास सारख्याच जाडीच्या. तेव्हा दुकानात नुसता आकडा सांगू नका, वाद्याचं नावही सांगा.

दहा आणि तेरा यांत फरक किती? इंचाच्या हजार भागांतले तीन. डोळ्यांना दिसणारही नाही. मग बोटाला एवढा का कळतो? वही घ्या. मारँ मर्सेन नावाच्या फ्रेंच विद्वानानं लांबच लांब दोऱ्या ताणून, त्यांची कंपनं मोजून तारांचे नियम शोधले आणि १६३६ साली छापले. त्यांतून असं निघतं की लांबी तीच, धातू तोच आणि सूरही तोच ठेवायचा असेल, तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढवावा लागतो. १० चा वर्ग १००. १२ चा १४४. आणि १३ चा? १६९! म्हणजे १० नंबरच्या तारेला जिथं १०० ताण लागतो तिथं १३ नंबरला १६९. नेहमीच्या मापाच्या गिटारवर पहिल्या तारेचा हा ताण १० नंबरला सव्वासात किलोच्या आसपास असतो, १२ ला साडेदहा आणि १३ ला जवळजवळ साडेबारा. सहाही तारा मिळून बघितलं तर दहाचा संच साठेक किलोनं ओढतो आणि तेराचा ऐंशी किलोच्याही वर. गव्हाचं अख्खं पोतं टांगल्यासारखं! म्हणूनच जुन्या, हलक्या गिटारवर जाड तारा चढवल्या तर पोटावरची ब्रिज उचकटून येते. पालकांनी एवढं ध्यानात ठेवावं.

मग सगळ्यांनी सरसकट दहाच नंबर लावावा का? छे! हलक्या तारेचा आवाज लहान. आणि पिकनं जोरात झोडपली की ती फार मोठं झोके घेते, पट्ट्यांवर आपटून खरखरते, सूर सोडते, नाहीतर सरळ तुटते. जाड तार तो मार सोसते आणि भरीव बोलते. मामाच्या हाताला तेरा शोभत होत्या. तो गाण्याबरोबर सपासप ठेका धरणारा. त्याची भाची एकेक तार उघड्या बोटांनी हळूच छेडून अभंगाची चाल काढणारी. एकाच गिटारवर दोन हात, आणि आम्ही तिच्या हातात मामाच्या तारा ठेवल्या होत्या.

खरं म्हणजे ही गोष्ट मला आधीच कळायला हवी होती. काही वर्षांपूर्वी मी मिरजेला सतारमेकर गल्लीत गेले होते. एकोणिसाव्या शतकापासून तिथं सतारी आणि तंबोरे बनतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. आणि एक गंमत सांगू? त्या तंबोऱ्यांचे मोठाले भोपळे आपल्या सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून जातात. तर तिथं मी एका कारागिरांना विचारलं, ‘चांगला तंबोरा कुठला?’ त्यांनी उलट मलाच विचारलं, ‘गाणार कोण? बाई का बुवा? सूर काळी चार का काळी एक?’ पुरुषांचा सूर खाली, म्हणून त्यांचा तंबोरा मोठा आणि तारा जाड. बायकांचा सूर वर, म्हणून तंबोरा लहान आणि तारा बारीक. कुठल्याही तंबोऱ्यात मधल्या जोडीच्या दोन तारा पोलादी आणि शेवटची खर्जाची पितळी. घोडीवर तारेखाली दोऱ्याचा एक तुकडा सरकवला की तार घुमायला लागते. तो दोरा तर कारागीर गायकाला समोर बसवून, कान देऊन जागेवर आणतात. इतकं सगळं पाहून मी घरी आले, मुलांना त्याच्यावर निबंधही लिहायला दिला, आणि माझ्याच विद्यार्थिनीला मात्र ‘गाणार कोण’ हे विचारलं नाही!

तारांच्या धातूबद्दलही थोडं सांगते. गिटारच्या पहिल्या दोन तारा साध्या पोलादाच्या असतात. बाकीच्यांवर बारीक तारेचं वेटोळं असतं. का? पहिली तार सेकंदाला सुमारे ३३० वेळा थरथरते आणि सहावी, खर्जाची, बरोबर त्याच्या पाव, म्हणजे साधारण ८२ वेळा. १२ नंबरचीच तार तिथं लावून एवढा खाली सूर आणायचा म्हटलं, तर ताण सोळावा हिस्सा ठेवावा लागेल. म्हणजे पाऊण किलोसुद्धा नाही. तार अगदी लोंबकळेल. वेटोळं घातलं की वजन वाढतं आणि तार लवचीकही राहते. हे वेटोळं पिवळं असेल तर त्यात ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. पाकिटावर त्याला ब्राँझ म्हणतात, पण तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकाप्रमाणं ते आपलं पितळच की! त्याचा आवाज लख्ख. तांबूस दिसलं तर ते फॉस्फर ब्राँझ, तांबं आणि कथील. ते थोडं ऊबदार बोलतं. आमच्या मुलीला तांबूस आवडलं. तुम्हाला पिवळं आवडेल. यात बरोबर-चूक काही नाही, आणि खरं सांगायचं तर नव्यानं शिकणाऱ्यानं यावर फार डोकं शिणवू नये. नंबर जमला की निम्मं काम झालं.

एका बाबतीत मात्र चूक करून चालणार नाही. काही गिटारींना नायलॉनच्या तारा असतात. मान रुंद असते आणि तार ब्रिजवर गाठ मारून बांधलेली असते. पूर्वी तिथं जनावराच्या आतड्याची तार असायची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती मिळेनाशी झाली आणि नायलॉन आलं. अशा गिटारवर पोलादी तार कधीही चढवायची नाही. तिचा सांगाडा तेवढ्या ओढीसाठी केलेलाच नसतो.

असो. वडिलांना म्हटलं, ‘गिटार विकायला नको, फक्त सोलापूरला न्या.’ आणि मुलीला जवळ बसवून सांगितलं, ‘तुझा सराव कमी नव्हता. माझं बघणं कमी पडलं.’ ती काहीच बोलली नाही. पण गिटार गवसणीत तिनंच घातली.

सोलापुरात दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडून ब्रिजवरची हाडाची पट्टी घासून घेतली. बाराव्या पट्टीपाशी जाड तारेखाली अडीच-तीन मिलिमीटरची फट असली की हात सुखावतो. हिच्या गिटारवर ती चारच्याही वर होती. तारा घेतल्या दहा नंबरच्या. चढवल्या मात्र आम्ही शाळेत, मुलांच्या गराड्यात. ताणलेली तार कात्रीनं कापायची नाही. आधी खुंटी सैल करायची, मग काढायची. तोंड गिटारवर वाकवायचं नाही. तार सुटली तर थेट डोळ्याकडं येते. एकेक तार काढून तिथंच नवी लावायची, म्हणजे मानेवरची ओढ एकदम जात नाही. नवी तार पहिला दिवसभर सूर सोडत राहते. तेव्हा ‘तार खराब निघाली’ म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका.

तिनं पहिला सूर छेडला आणि नाक मुरडलं. ‘आवाज बारीक झालाय की ओ बाई.’ खरंच झाला होता. मी म्हटलं, ‘बोट?’ तिनं बोटाकडं पाहिलं, पुन्हा वाजवलं, पुन्हा पाहिलं. मग पंधरा मिनिटं आमच्याकडं तिचं लक्षच नव्हतं.

दुखणं अगदी गेलं असं नाही हं. पहिले काही आठवडे टोकं हुळहुळतातच. एका बैठकीत दहा-पंधरा मिनिटं पुरेत. पण फोड आला, खाचा दुसऱ्या दिवशीही उतरल्या नाहीत, तर सराव वाढवायचा नाही, आधी गिटार तपासायची. वाजवून झालं की तारा कोरड्या सुती कापडानं पुसायच्या. आपल्या उन्हाळ्यातला घाम तारांना फार लवकर खातो.

पत्र पाठवणाऱ्या मित्रा, आता दुकानात जाऊन सांग. बोटांनी छेडतोस तर १० किंवा ११. पिकनं झोडपतोस आणि बोटं तयार आहेत तर १२. तेराच्या वाटेला सध्या जाऊ नकोस. आणि तुटल्या दोनच असल्या तरी पूर्ण संच घे. नव्या-जुन्या तारा एका आवाजात बोलत नाहीत. घेतलास कुठला ते कळव.

दिवाळीत मामा आला होता. ‘हे काय, मांजा लावलास?’ म्हणत त्यानं गिटार घेतली आणि कॉलेजच्या थाटात असा काही हात मारला की पहिली तार टणकन तुटली. सगळं घर गप्प. भाची उठली, डब्यातली जादा तार काढली, खुंटी फिरवली आणि मामाचा चहा संपायच्या आत ती सुरात लावूनही मोकळी झाली. मग गिटार मात्र तिनं मामाकडं परत दिली नाही.