इंजिन बदला, पण तारा तोडू नका



जुनी गाडी भंगारात घालायला शेतकऱ्याचे मन सहसा धजत नाही. बॉडी धड आहे, चाके धड आहेत, इंजिन तेवढे थकले आहे; मग दुसरे इंजिन बसवून आणखी काही वर्षे काढू, हा विचार वावगा नाही. खुरप्याची मूठ मोडली तर आपण खुरपे फेकत नाही. तेव्हा आमचा आक्षेप इंजिन बदलण्याला नाही. इंजिन बसवताना त्याच्या तारा तोडल्या जातात, त्याला आहे. आणि ह्या तोडलेल्या तारांचा संबंध थेट आपल्या उसाच्या दरापर्यंत पोचतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

मारुती 800 चेच उदाहरण घ्या. ही गाडी डिसेंबर 1983 मध्ये बाजारात आली ती कार्बोरेटरची. 2000 च्या सुमारास त्याच 796 सीसीचे इंजिन इंजेक्शनचे झाले. जुन्या गाडीत हे नवे इंजिन बसवण्याची टूम तेव्हापासूनची. लोखंड लोखंडाला मिळते, नटबोल्ट बसतात. खरी मेख वायरिंगमध्ये असते.

कार्बोरेटरच्या इंजिनाला चार तारा पुरतात. इंजेक्शनच्या इंजिनाला मेंदू असतो, त्याला मेकॅनिक ‘ईसीएम’ म्हणतात. पाणी किती तापले, हवा किती आत आली, थ्रॉटल किती उघडले, गाडी पळते की उभी आहे, ह्या खबरा सेन्सरच्या तारांनी त्या मेंदूकडे जातात. त्याला बॅटरीचा कायमचा करंट लागतो, चावीचा वेगळा लागतो आणि अर्थ पक्की लागते. पेट्रोलचा जुना पंप इथे चालत नाही. दाबाने पेट्रोल देणारा विजेचा पंप लागतो, त्याचा रिले लागतो. सगळ्यात महत्त्वाचा तो सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर. गुऱ्हाळावर जसा गुळव्या पाक बघून जाळ कमीजास्त करायला सांगतो, तसा हा सेन्सर धूर बघून पेट्रोल कमीजास्त करायला सांगतो. गुळव्याला घरी पाठवून कढई उतरवली तर ढेप कशी होईल, ते आपल्याला सांगायला नको.

पण होते काय? भंगार बाजारातून इंजिन येते ते हार्नेस कापून. मेकॅनिक चालण्यापुरत्या तारा जोडतो, बाकीच्यांना टेप गुंडाळतो, ‘चेक इंजिन’चा दिवा जोडतच नाही. मालकाने विचारले तर ठरलेले उत्तर, “पीयूसी पास होतंय ना, मग झालं तर!”

आणि पीयूसी खरोखर पास होते! कारण मर्यादा ठरते ती गाडीच्या नोंदणीवरून, आत कोणते इंजिन आहे त्यावरून नव्हे. भारत स्टेज 2 च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांपर्यंत चालतो. भारत स्टेज 2 आणि 3 च्या गाडीला तोच अर्धा टक्का, आणि भारत स्टेज 4 पासून 0.3 टक्के. म्हणजे जे इंजिन अर्ध्या टक्क्यात चालायला बनवले, ते आपल्या जुन्या गाडीत दोन टक्के धूर ओकत असले तरी शिक्का पासचाच. आमचे स्पष्ट मत आहे की असले पास होणे हे माप नव्हे.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात इंजिन बदललेल्या गाडीचा नुसता धूर मोजून सोडत नाहीत. इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्यानंतरचे हवे, आणि धूर आवरणारी त्याची सगळी साधने जोडलेली हवीत, हे तिथला रेफरी आधी तपासतो. आपल्याकडे ते कुणी विचारत नाही. म्हणून आपणच विचारले पाहिजे.

आता उसाचा संबंध. आपल्या मळीपासून आणि रसापासून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण 2025 मध्ये 20 टक्क्यांवर पोचले. तेव्हापासून पारावर एकच ओरड ऐकू येते, “इथेनॉलने गाडीची वाट लावली.” ह्यात काही खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडे उतरणारच. जुन्या रबरी नळ्या, वायसर त्याने खराब होऊ शकतात. त्या बदलाव्या लागतात.

पण बाकीचे? इथेनॉलच्या वजनात सुमारे 35 टक्के ऑक्सिजन असतो. साध्या पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, 20 टक्के मिश्रणाला साडेतेरा पटच्या आसपास. हा फरक ऑक्सिजन सेन्सर आपल्या मर्यादेत ओळखतो आणि पेट्रोल तेवढे वाढवतो. त्याची तार तोडलेली असेल तर मेंदूला काही कळत नाही. तो जुन्याच हिशेबाने पेट्रोल देतो. मग गाडी सकाळी चालू होत नाही, चढाला गचके खाते. उलट, तापमानाच्या सेन्सरने इंजिन थंड असल्याची चुकीची खबर दिली, तर पेट्रोल जादा जाते, धूर वाढतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळून जातो. दोष तोडलेल्या तारेचा, बोल मात्र आपल्या मालाला. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय?

तेव्हा सभासदांनी इतके करावे. इंजिन विकत घेण्याआधी आरटीओ कार्यालयात जाऊन विचारावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कारखानदाराच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. परवानगीशिवाय इंजिन बदलले असेल, तर 14 दिवसांत कळवून नोंदणीपत्रावर नोंद करून घ्यावी लागते. इंजिन नंबर एक आणि कागदावर दुसराच, अशी गाडी अपघातात सापडली तर विमा कंपनीला निमित्तच मिळते. इंजिन घ्यावे ते एकाच गाडीचे, अख्ख्या हार्नेससकट, ईसीएम आणि सेन्सरसकट. ‘चेक इंजिन’चा दिवा चावी फिरवल्यावर लागतो आणि इंजिन चालू झाल्यावर विझतो, हे पाहिल्याशिवाय मेकॅनिकचा हिशेब चुकता करू नये. आणि पीयूसीच्या कागदावरचा शिक्का न पाहता आकडा पाहावा. इंजिन ज्या सालच्या गाडीचे, त्या सालची मर्यादा ते पाळते का, हे विचारावे.

कारखान्याच्या संचालक मंडळालाही आमची एक सूचना आहे. गाळप हंगाम संपल्यावर वर्कशॉपच्या इलेक्ट्रिशियनला थोडी सवड असते. त्यावेळी गटवार एकेक दिवस सभासदांच्या गाड्यांचे वायरिंग तपासून द्यावे. खर्च फार नाही, आणि आपल्याच मालाची बदनामी तेवढी थांबेल. इथेनॉल विकणारे आपण आणि ते जाळणारेही आपणच. आपल्या गाडीतच ते नीट जळत नसेल, तर परक्याला काय तोंडाने सांगणार?